‘पित्त झालंय’

‘डोहाळे’ हा मराठीतला एक भाग्यवान शब्द आहे. संस्कृतातील ‘दोहद’ आणि ‘दौहृद’ यांच्यापर्यंत त्याची वंशावळ नेता येते, गाण्यांचा एक सबंध प्रकार त्याच्या नावाने ओळखला जातो आणि सातव्या महिन्यात त्याच्या नावाने जेवण घातले जाते. ते कधी चांदण्यातले असते, कधी बागेतले, कधी नावेतले, तर कधी झोपाळ्यावरचे. फुलांची वाडी भरली जाते, झाकलेल्या वाटीखालून पेढा निघतो की बर्फी याची गंमत होते. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या बायका हा शब्द ज्या अर्थाने सर्वांत गंभीरपणे वापरतात, तो अर्थ या सोहळ्यात कुठेच नसतो. ‘हिचे डोहाळे फार कडक आहेत हो,’ असे एखादी आजी म्हणते, तेव्हा तिला चिंचा-आवळे सुचवायचे नसतात. मुलीच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही, फोडणीच्या वासाने ती मोरीकडे धावते आणि दोन जिवांची असूनही एका जिवापुरतेसुद्धा अन्न तिला जात नाही, असे तिला सांगायचे असते.

हा विषय साहित्यविषयक लेखनात कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्ही मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या काही जणी आहोत. आमच्यापैकी कुणी बोरिवलीहून येते, कुणी मुलुंडहून, कुणी घाटकोपरहून अंधेरीला जाते. लोकसाहित्याच्या तासाला आम्ही डोहाळ्यांची गाणी शिकवतो, अभिजात काव्याच्या संदर्भात दोहदाची संकल्पना समजावतो आणि त्याच इमारतीत, त्याच स्टाफरूममध्ये, एखादी तरुण सहकारी पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ तोंडाला रुमाल लावून लपवत असते. विचारले तर म्हणते, ‘काही नाही, पित्त झालंय.’ आपल्या भाषेत डोहाळ्यांना एवढी जागा आणि त्या डोहाळ्यांतल्या ओकारीला मात्र पित्ताचे टोपणनाव, हे असे का झाले, हा प्रश्न आम्हांला भाषेचा वाटतो, वाङ्मयाचा वाटतो आणि तितकाच आमच्या सहकाऱ्यांच्या प्रकृतीचाही वाटतो.

आधी वस्तुस्थिती. दहा गर्भवतींपैकी सात-आठ जणींना सुरुवातीच्या काळात मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. तो बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो, नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि बहुतेकींच्या बाबतीत सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. इंग्रजीतून आपण उचललेले ‘मॉर्निंग सिकनेस’ हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण केवळ सकाळीच मळमळते अशा स्त्रिया फार थोड्या. पुष्कळजणींचा दुपारचा डबा आणि संध्याकाळची लोकल सकाळइतकीच कठीण जाते. शंभरांतल्या फार तर तिघींच्या बाबतीत हा त्रास इतका विकोपाला जातो की वजन घटते, शरीरातले पाणी कमी होते आणि शिरेतून सलाईन द्यावे लागते. हे सारे घडते ते पोट दिसू लागण्याच्या आत. म्हणजे ज्या महिन्यांत स्त्रीला सर्वाधिक आधार हवा असतो, त्याच महिन्यांत ती गर्भवती आहे हे कुणाला दिसत नाही आणि रूढीप्रमाणे तिने कुणाला सांगायचेही नसते.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेची लक्षणे दिली आहेत. त्यांत तोंडाला पाणी सुटणे, अन्नाची इच्छा नसणे, उलटी, अरुची आणि आंबटाची ओढ यांची सरळ नोंद आहे. वैद्याने लपवाछपवी केलेली नाही. काव्याकडे वळलो की मात्र दृश्य पालटते. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गातील सुदक्षिणा कृश झाली आहे, तिने थोडेच दागिने घातले आहेत, तिचा चेहरा फिकट पडला आहे, पण हे फिकटपण येते ते पहाटेच्या विरळ चांदण्यांच्या रात्रीची उपमा घेऊन. मातीचा वास येणारे तिचे मुख राजाला हवेहवेसे वाटते. कालिदास जाणता कवी आहे. ‘दोहदव्यथा’ असा शब्द त्याने योजला आहे आणि ती व्यथा पार केल्यावर राणीचे अवयव पुन्हा भरू लागले, असेही तो सांगतो. परंतु व्यथा म्हणजे नेमके काय, हे त्या एका सामासिक शब्दात मिटून जाते. आणखी एक बारकावा आमच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात आम्ही मुद्दाम आणून देतो. राणी लाजेमुळे आपल्याला हवे-नको सांगत नाही, म्हणून दिलीप राजा ते तिच्या सख्यांना विचारतो. न बोलणारी गर्भवती आणि तिच्या वतीने बोलणाऱ्या सख्या, ही जोडी काव्यात तेव्हापासून आहे.

पुढे मराठीत श्रीधराच्या ‘रामविजया’तला दशरथ तिन्ही राण्यांना डोहाळे विचारतो. राण्यांच्या उत्तरांतून त्यांच्या पुत्रांचे भवितव्य बोलते. डोहाळे इथे भाकीत झाले आहेत. या रूपांतराचे मूळ ‘दौहृद’ या कल्पनेतच आहे. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, स्त्री ‘द्विहृदया’ होते आणि तिची इच्छा ही त्या दुसऱ्या हृदयाचीही इच्छा असते. म्हणून ती पुरवायची, न पुरवल्यास गर्भात वैगुण्य येते. या विचाराने गर्भवतीच्या मागणीला प्रतिष्ठा दिली, हे खरे. एरवी घरात जिचे कुणी ऐकत नसे, तिचे त्या काही महिन्यांपुरते ऐकले जाऊ लागले. पण ही प्रतिष्ठा मागणीला मिळाली, नकाराला मिळाली नाही. ‘मला अमुक हवे’ हा बाळाचा शब्द ठरला. ‘मला काहीच नको, मला या वासाने उमासे येतात’ हे मात्र बाईचे आपले एकटीचे राहिले. काव्याने आणि सोहळ्याने पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा बोलीत ‘कडक डोहाळे’ या दोन शब्दांत मागे उरला.

स्त्रियांच्या स्वतःच्या परंपरेने मात्र हा दुसरा अर्धा भाग टाकून दिला नव्हता. महिन्यामहिन्याच्या क्रमाने जाणारी डोहाळ्यांची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या गर्भिणीच्या कोमेजलेल्या तोंडाची दखल घेतात. याहून महत्त्वाचा पुरावा आम्हांला एका विधीच्या नावात दिसतो. तिसऱ्या महिन्यात घरातल्या बायका गर्भवतीची ओटी भरतात, तिला हिरवी चोळी देतात आणि बाहेर याची वाच्यता करत नाहीत. याला ‘चोरचोळी’ किंवा ‘चोरओटी’ म्हणतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत गुपित राखायचे हा संकेत जुना आहे. पण चोरचोळीचा अर्थ असा की त्या गुपिताला वाटेकरी होते. सासू, जावा, नणंदा, शेजारची एखादी अनुभवी बाई यांना न सांगताच कळलेले असे. चुलीपुढून तिला उठवणे, साळीच्या लाह्या भिजवून ते पाणी देणे, आल्याचा रस चाटवणे, आवळकाठी तोंडात धरायला सांगणे हे त्या वाटेकऱ्यांचे काम. त्या घरांविषयी आम्हांला भाबडा उमाळा नाही. ज्या घरात सासू करडी होती तिथे ‘आम्हीही पोरे जन्माला घातली’ एवढ्या एका वाक्यावर कडक डोहाळे निभवावे लागत, हेही आम्ही आमच्या आयांकडून ऐकलेले आहे. तरीही त्या व्यवस्थेत गुपित आणि आधार एकाच माजघरात नांदत होते, एवढे मान्य करावे लागेल.

उपनगरात गुपित तेवढे राहिले आणि वाटेकरी गेले. नवरा-बायको दोघे पहाटे उठून निघणार, सासू गावी, आई दुसऱ्या उपनगरात किंवा दुसऱ्या शहरात. सकाळी सातच्या आसपासचे पहिले व्याख्यान गाठायचे तर साडेपाचला डबा करायला हवा, म्हणजे ज्या फोडणीपासून दूर राहायचे तीच आपल्या हाताने द्यायची. त्यानंतर लोकल. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू केली, तेव्हा नोकरदार स्त्रीच्या प्रवासाची दखल घेतली गेली असे सगळ्यांना वाटले आणि ते योग्यच होते. परंतु लेडीज डबा हा वासांचा डबा आहे. मोगऱ्याचे गजरे, केसांचे तेल, अत्तरे, डब्यांतली लसणाची चटणी, दारातल्या पाट्या, पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि आंबूस कपडे. लोकलला स्वच्छतागृह नसते. उलटी आली तर पुढच्या स्थानकावर उतरायचे आणि मागून येणाऱ्या, अधिकच भरलेल्या गाडीत पुन्हा चढायचे. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. तोपर्यंत अंधेरी सुटल्यावर भाजलेल्या बिस्किटांचा गोडसर वास डब्यात शिरे आणि सगळा डबा क्षणभर सुखावे. त्याच वासाने आमच्यापैकी एकीला सांताक्रूझला उतरावे लागत असे. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर-अंधेरी हा प्रवास सुसह्य झाला, डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकल धावू लागली. पण बंद दारांच्या थंड डब्यात वास अधिकच कोंडतो, हे जिला भोगावे लागते तिलाच कळते.

अशा वेळी ‘पित्त झालंय’ हे वाक्य कामाला येते. मुंबईत ते कुणालाही पटते. अवेळी जेवण, धावपळ, चहावर चहा. पित्त कुणाला नाही? या वाक्यावर पुढचा प्रश्न येत नाही, फार तर शेजारीण पर्समधून आवळासुपारी काढून देते. खोटे बोलण्याचे पाप लागू नये इतके ते खऱ्याच्या जवळ आहे. आमच्यापैकी एकीने २००९ साली लोकसाहित्याच्या पेपरातली डोहाळ्यांची गाणी हेच वाक्य बोलून शिकवली. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, शिक्षिकांचे स्वच्छतागृह तळमजल्यावर. गर्भवतीच्या इच्छा, त्या पुरवणारा परिवार, त्यामागची संस्कृती हे सारे फळ्यावर लिहून झाले, तेवढ्यात उमासा आला. ती जिना उतरून गेली, तोंड धुऊन परत आली आणि मुलींना म्हणाली, ‘पित्त झालंय.’ समोर बसलेल्या पन्नास-साठ मुलींपैकी निदान काही जणींना खरे कळले असणार. त्यांनीही वहीत मान घातली. जो विषय शिकवला जात होता, तोच समोर घडत असताना शिक्षिकेला आणि विद्यार्थिनींना त्याविषयी बोलायला शब्द नव्हता. वाङ्मयाच्या अध्यापनातली एवढी मोठी विसंगती आम्हांला दुसरी आठवत नाही.

आज हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे तो तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांमुळे. नेट-सेट झालेल्या, पीएच.डी.च्या प्रबंधावर काम करणाऱ्या कितीतरी मुली आज महाविद्यालयांत तासावर शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन. त्यांना तीन आठवडे घरी बसणे परवडत नाही आणि ‘मला दिवस गेलेत’ हे सांगणेही परवडत नाही, कारण पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही याची धास्ती असते. कायम नोकरीतल्या बाईला पित्ताचे निमित्त संकोचापोटी लागते, तासिकेवरच्या मुलीला ते पोटासाठी लागते. तेव्हा ‘बायकांनी मोकळेपणाने सांगावे’ असा उपदेश करणे सोपे आहे. सांगितल्यावर काय होईल याची हमी कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

न बोलण्याचे आणखी एक कारण म्हणजे अविश्वास. ‘मनाचे खेळ आहेत’, ‘लाड करून घ्यायचे आहेत’, ‘हिला मूल नकोच असेल’ असे शेरे आपल्याकडे मारले जातात, तसेच ते पाश्चात्त्य वैद्यकातही दीर्घकाळ मारले गेले. मार्लेना फेझो या अमेरिकी संशोधक स्त्रीला १९९९ मध्ये गरोदरपणात इतका तीव्र त्रास झाला की पंधराव्या आठवड्यात गर्भ गेला. तिच्या डॉक्टरांनी तिच्या त्रासावर विश्वास ठेवला नव्हता. तिने पुढची वीस-पंचवीस वर्षे याच प्रश्नाला वाहून घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली आदी संशोधकांसह तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा : गर्भाकडून येणारे जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात उतरते, मेंदूतील वांतीच्या केंद्राला चेतवते आणि जिच्या शरीरात गर्भधारणेपूर्वी हे संप्रेरक अल्प होते तिला त्याचा तडाखा अधिक बसतो. साहित्याच्या अभ्यासकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. सुश्रुताने इच्छेचे श्रेय दुसऱ्या हृदयाला दिले होते. आता कळते की नकारही बऱ्याच अंशी त्या दुसऱ्या जिवाकडूनच येतो. म्हणजे डोहाळ्यांना जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यावर ओकारीचाही तितकाच हक्क आहे.

वाङ्मयाच्या इतिहासात या दुखण्याची एक मोठी नोंदही आहे. ‘जेन आयर’ची लेखिका शार्लट ब्राँटे हिचे लग्न जून १८५४ मध्ये झाले आणि ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, गरोदर असताना ती वारली. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिलेला आहे. परंतु अखेरच्या महिन्यांतली तिची सततची मळमळ आणि उलट्या पाहता गर्भावस्थेतील तीव्र वांतीनेच ती गेली असावी, असे अनेक चरित्रकार मानतात. आपल्याकडे याच शतकात आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आणि दहा दिवसांत मूल गमावलेल्या या मुलीने प्रसूतीचाच विषय निवडावा, याचा अर्थ तिच्या चरित्राची पारायणे करणाऱ्या आपण अजून पुरता लावलेला नाही.

उपायांविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण ‘सहन कर, तीन महिन्यांत जाईल’ हा उपाय नव्हे. अंथरुणातून उठण्याआधी कोरडे काहीतरी खावे : बिस्किट, टोस्ट, मुरमुरे, घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाराने आपल्याला दिलेला खाकरा. पोट रिकामे राहू देऊ नये, दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, जेवण आणि पाणी यांत अंतर ठेवावे. गरम अन्नापेक्षा गार अन्नाला वास कमी येतो, म्हणून दहीभात जातो तिथे वाफाळती आमटी जात नाही. आल्याचा उपयोग होतो, याला आता प्रयोगांचाही आधार आहे. फोडणी शक्य तर दुसऱ्याने द्यावी आणि या ‘दुसऱ्या’त नवरा येतो, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये.

गोळीची भीती आपल्या आयांच्या पिढीत फार होती आणि ती अडाणीपणातून आलेली नव्हती. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड अनेक देशांत गर्भवतींना मळमळीवर दिले गेले आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. त्या धसक्यातून ‘या दिवसांत औषध नको’ हा नियम जगभर रुजला. परंतु आज परिस्थिती तीच नाही. ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन यांचे मिश्रण अनेक दशकांच्या अभ्यासानंतर सुरक्षित ठरले आहे आणि भारतातही ते डॉक्टर सर्रास लिहून देतात. डॉक्टरांना विचारून गोळी घेण्यात कसलाही कमीपणा नाही. पाणीही पोटात ठरत नसेल, आठ-आठ तास लघवी होत नसेल किंवा ती गडद होत असेल, उभे राहताना भोवळ येत असेल, वजन घटत असेल, तर घरगुती उपायांची वेळ संपलेली असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. पित्ताचे निमित्त सर्वांत घातक ठरते ते इथे. इतरांना सांगता सांगता बाई स्वतःलाही तेच सांगू लागते.

आता मौनाविषयी. पहिल्या तीन महिन्यांत न सांगण्यामागे दृष्ट लागण्याची भीती आहे तशी एक व्यवहारी शहाणीवही आहे. बहुतेक गर्भपात याच काळात होतात आणि सर्वांना सांगितलेली आनंदाची बातमी परत घेत फिरणे फार यातनामय असते. हा युक्तिवाद आम्ही हलका लेखत नाही. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. जिचे डोहाळे कुणाला ठाऊक नव्हते, तिचा गर्भ गेला तर तिचे दुःखही कुणाला ठाऊक नसते. ती चौथ्या दिवशी कामावर येते आणि पुन्हा ‘पित्त’च सांगते. म्हणून सर्वांना सांगावे असे आमचे म्हणणे नाही. चोरचोळीचा जो मूळ अर्थ, त्या अर्थाने कामाच्या ठिकाणी दोन-तीन वाटेकरी असावेत, एवढेच आम्ही म्हणतो. सुदक्षिणेच्या सख्यांचे काम स्टाफरूममधल्या आम्ही चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी करायचे आहे. तिने सांगण्याची वाट पाहत बसू नये. सकाळचा पहिला तास आपण होऊन बदलून घ्यावा, तिचा वर्ग तळमजल्यावर यावा म्हणून वेळापत्रक समितीत भांडावे, पर्यवेक्षणाच्या वेळी तिला दाराजवळची जागा द्यावी आणि यांतले काहीही चारचौघांत बोलून दाखवू नये.

व्यवस्थेलाही काही करता येण्यासारखे आहे. लंडनमध्ये २००५ पासून गर्भवतींना प्रवासात लावायचा बिल्ला मिळतो आणि जपानने २००६ मध्ये देशभर अशीच एक खूण स्वीकारली. पोट दिसत नाही त्याच महिन्यांत तो उपयोगी पडतो. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डब्यात गर्भवतीलाही मुभा आहे. पण तिसऱ्या महिन्यातली मुलगी त्यात चढली की सगळ्या नजरा तिच्या पोटाकडे जातात आणि तिथे पुरावा न दिसल्याने भुवया उंचावतात. एक बिल्ला हे काम शब्दाविना करील. रजेचे म्हणाल तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी प्रसूतीच्या रजेखेरीज एक महिन्यापर्यंतची भरपगारी रजा होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. नोकरी करणाऱ्या किती जणींनी तिचे नाव ऐकले आहे? तासिकेवरच्या सहकाऱ्यांपर्यंत तर असे काहीच पोहोचत नाही. त्यांच्या बाबतीत निदान एवढा नियम विद्यापीठाने करावा की गर्भावस्थेतील आजारामुळे बुडालेले तास त्याच सत्रात पुढे घेऊ द्यावेत आणि गर्भधारणेमुळे कुणाचे तास काढले जाऊ नयेत.

राहता राहिला शब्दांचा प्रश्न आणि तो आमच्या खात्यातला आहे. ‘मॉर्निंग सिकनेस’ हा शब्द त्रासाला सकाळपुरता कोंडतो. ‘मळमळ’ फार लहान आहे, कालचे शिळे खाल्ले तरी मळमळते. ‘पित्त’ खोटे आहे. ‘कडक डोहाळे’ हा शब्दप्रयोग मात्र आपला आहे, नेमका आहे, बायकांनी घडवलेला आहे आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. त्यात मागणी आणि नकार दोन्ही मावतात. तो माजघरातून कचेरीत आणणे, ही भाषेच्या शिक्षकांना सहज जमावी अशी गोष्ट आहे. लोकसाहित्याच्या तासाला डोहाळजेवणाबरोबर चोरचोळी शिकवावी, ‘दोहदा’बरोबर ‘दोहदव्यथा’ शिकवावी, आणि चरकाची लक्षणे कालिदासाच्या उपमेशेजारी ठेवून मुलामुलींना, विशेषतः मुलांना, दोन्हींत काय आले आणि काय गाळले गेले हे विचारावे. आणि पुढच्या वेळी विभागातल्या एखाद्या मुलीला रजेचा अर्ज लिहायचा असेल, तर आपल्यातल्या कुणीतरी तिच्याशेजारी बसून तो लिहायला मदत करावी. मायना नेहमीचा, तारीख नेहमीच्या जागी, आणि विषयाच्या ओळीत ‘प्रकृती अस्वास्थ्य’ न लिहिता स्वच्छ अक्षरांत लिहावे : ‘कडक डोहाळ्यांमुळे रजा मिळण्याबाबत.’